लिश्टनस्टाइन : सार्वभौमत्वावर पोट भरणारे संस्थान

१/
संस्थान म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरलेला क्रम उभा राहतो : सनद, तैनाती फौज, दत्तकाचे वाद, प्रजा परिषद आणि शेवटी विलीनीकरण. दख्खनमधील बहुतेक संस्थाने मार्च १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर त्यानंतर वर्षभराने. युरोपातही याच्याशी मिळतेजुळते घडले होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस पवित्र रोमन साम्राज्यात शेकडो लहानमोठी राज्ये होती. नेपोलियनने आणि पुढे प्रशियाने ती एकेक करून गिळली. जी मोजकी तगली, त्यांतील सर्वांत लहान राज्याची ही कथा आहे.

२/
लिश्टनस्टाइनचे क्षेत्रफळ १६० चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या सुमारे एक चतुर्थांश. लोकसंख्या ४० हजारांच्या आसपास. पश्चिमेला ऱ्हाइन नदी आणि तिच्यापलीकडे स्वित्झर्लंड, पूर्वेला आल्प्सचे उतार आणि ऑस्ट्रिया. एकूण अकरा ग्रामपालिका. राजधानी फाडुट्स ही त्यांतलीच एक. विमानतळ नाही, सैन्य नाही, स्वतःचे चलन नाही. तरीही दरडोई उत्पन्नाच्या जागतिक यादीत हा देश अगदी वरच्या क्रमांकांवर असतो.

३/
या देशाविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिले कौतुकाचे : डोंगरावरचा किल्ला, त्यात राहणारा राजा, खाली सुखी प्रजा, आणि प्रत्येक प्रश्नावर सार्वमत. दुसरे तुच्छतेचे : करचुकव्यांची तिजोरी, बाकी काही नाही. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. लिश्टनस्टाइनची खरी मालमत्ता म्हणजे त्याचे सार्वभौमत्व. ते कोणते भाग शेजाऱ्याला सोपवायचे आणि कोणते स्वतःच्या मुठीत ठेवून त्यांवर कमवायचे, या हिशेबावर गेली शंभर वर्षे हा देश चालला आहे. म्हणून तेथील राजकारणातला कळीचा प्रश्नही तोच राहतो : ही मालमत्ता नेमकी कोणाच्या नावावर आहे?

४/
आरंभच खरेदीखताने झाला. लिश्टनस्टाइन हे मुळात घराण्याचे नाव. व्हिएन्नाच्या दरबारातले हे मातब्बर सरदार. मोराव्हिया आणि लोअर ऑस्ट्रियात त्यांच्या अफाट जमिनी होत्या. परंतु त्या जमिनी हाब्सबुर्गांच्या अधिपत्याखालील, आणि साम्राज्याच्या सभेत राजांच्या रांगेत बसायचे तर थेट सम्राटाच्या अधीन असलेला मुलूख हवा. असा मुलूख विकायला निघाला तो आल्प्सच्या पायथ्याशी. १६९९ मध्ये शेलेनबर्गची जहागीर घेतली, १७१२ मध्ये फाडुट्सची. २३ जानेवारी १७१९ रोजी सम्राट सहाव्या कार्लने दोन्ही एकत्र करून त्यांना संस्थानाचा दर्जा दिला आणि मालकाचे नाव देशाला लावले.

५/
मालकाला देशाशी कर्तव्य नव्हते, त्याला आसनाशी होते. राज्य करीत असलेला संस्थानिक या भूमीवर पहिल्यांदा आला तो १८४२ मध्ये, म्हणजे संस्थान स्थापन झाल्यानंतर १२३ वर्षांनी. तोवर कारभार व्हिएन्नातून, वसुली कारभाऱ्यामार्फत. (जर्मन भाषेत येथील राज्यकर्त्याची पदवी 'फ्युर्स्ट'. इंग्रजीतून आलेला 'प्रिन्स' हा शब्द राजपुत्राचा भास निर्माण करतो. मराठीत 'संस्थानिक' हाच शब्द अधिक जवळचा.)

६/
नेपोलियनने लहान राज्ये नष्ट केली, हे विधान येथे नेमके उलटे पडते. १८०६ मध्ये ऱ्हाइन महासंघ उभारताना त्याने लिश्टनस्टाइनला सार्वभौम सदस्य म्हणून यादीत घातले. तत्कालीन संस्थानिक योहान पहिला हा ऑस्ट्रियाचा सेनापती, नेपोलियनशी लढलेला आणि १८०५ च्या प्रेसबुर्गच्या तहात ऑस्ट्रियाच्या बाजूने वाटाघाटी केलेला. शत्रूच्या महासंघात त्याला राहता येईना, म्हणून त्याने नावापुरते राज्य आपल्या तान्ह्या वयाच्या मुलाला दिले. अशा रीतीने देशाला सार्वभौमत्व मिळाले ते कोणी न मागता.

७/
ते फार महाग पडते, हे लवकरच लक्षात आले. १८५२ मध्ये ऑस्ट्रियाशी जकात संघ झाला. सीमेवरची वसुली ऑस्ट्रियाने करायची आणि वाटा द्यायचा. १८६२ मध्ये पहिली खरी राज्यघटना आली. १८६६ च्या युद्धात संस्थानाचे ऐंशी सैनिक ऑस्ट्रियाच्या बाजूने आल्प्समधील एका खिंडीवर पहारा द्यायला गेले. लढाई त्यांच्या वाट्याला आली नाही. गेले ऐंशी आणि परतले एक्याऐंशी, वाटेत कोणी मित्र जोडला गेला, अशी गोष्ट तिकडे आवडीने सांगितली जाते. गोष्टीचा खरेखोटेपणा बाजूला राहो. युद्धानंतर जर्मन महासंघ बुडाला, फौज ठेवण्याचे बंधन संपले आणि १८६८ मध्ये खर्च नको म्हणून लिश्टनस्टाइनने सैन्यच मोडीत काढले. शांततावादापेक्षा काटकसर त्यामागे अधिक होती.

८/
पहिले महायुद्ध संपले तेव्हा या देशाचा आधार असलेले साम्राज्यच उरले नाही. ऑस्ट्रियाच्या क्राउन चलनाची किंमत मातीमोल झाली आणि लोकांची बचत तिच्याबरोबर गेली. अन्नधान्याची टंचाई होती. ऑगस्ट १९१९ मध्ये ऑस्ट्रियाबरोबरचा जकात करार मोडला. पुढची पाच-सात वर्षे या देशाच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची आहेत, आणि लोकप्रिय वर्णनांत नेमकी तीच गाळली जातात.

९/
या वर्षांतला प्रमुख माणूस राजघराण्यातला नव्हता. विल्हेल्म बेक हा डोंगरउतारावरच्या ट्रीझेनबर्ग गावचा वकील, स्वित्झर्लंडमध्ये शिकलेला. १९१८ मध्ये त्याच्या पुढाकाराने लोकपक्ष निघाला. त्याला उत्तर म्हणून त्याच वर्षी नागरिक पक्ष. 'लिश्टनस्टाइन लिश्टनस्टाइनकरांचे' ही त्या काळची भावना. परक्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांचा कारभार नको, जनतेला अधिकार हवेत, ही मागणी. राजेशाही हटवण्याची मागणी मात्र फारशी कोणी केली नाही. कंगाल झालेल्या शेतकऱ्यांच्या देशाला श्रीमंत संस्थानिकाचे कर्ज आणि देणग्या यांची गरज होती, हे कारण त्यात मोठे होते.

१०/
५ ऑक्टोबर १९२१ ची राज्यघटना या तडजोडीतून जन्मली. तिच्या मांडणीनुसार राज्याची सत्ता संस्थानिक आणि जनता या दोघांत रुजलेली आहे. ब्रिटनमध्ये राजा नाममात्र उरला, फ्रान्समध्ये उरलाच नाही. येथे दोघांच्या हाती एकेक किल्ली दिली गेली. नागरिकांना कायद्याचा प्रस्ताव आणण्याचा आणि संमत झालेला कायदा सार्वमताला टाकण्याचा हक्क मिळाला. आज त्यासाठी साध्या कायद्याला १,००० आणि घटनेच्या प्रश्नाला १,५०० सह्या लागतात. परंतु लोकांनी काहीही संमत केले तरी संस्थानिकाच्या संमतीवाचून तो कायदा होत नाही. कुलूप दोन किल्ल्यांचे असेल तर रोजच्या वापरात अडचण येत नाही. अडचण येते ती दोघांपैकी एकजण किल्ली खिशात घालून उभा राहिला तर. हा प्रसंग यायला सत्तर वर्षे लागली.

११/
आता अर्थकारण. १ जानेवारी १९२४ पासून स्वित्झर्लंडशी जकात संघ अमलात आला आणि त्याच वर्षी स्विस फ्रँक कायद्याने देशाचे चलन झाले. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. देशाच्या बाह्य सीमेवर स्विस जकात कायदा चालतो. व्याजदर ठरवणारी मध्यवर्ती बँक देशात नाही. ते काम स्विस राष्ट्रीय बँक करते. नागरी कायदा बराचसा ऑस्ट्रियाकडून आणि मालमत्तेचा कायदा स्वित्झर्लंडकडून घेतलेला. न्यायालयांतही ऑस्ट्रियन व स्विस न्यायाधीश बसतात. राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील सार्वभौमत्वाची व्याख्या हातात घेऊन कोणी तपासणी केली, तर या देशाला उत्तीर्ण करणे अवघड जाईल.

१२/
मग स्वतःकडे काय ठेवले? कर बसवण्याचा अधिकार, कंपन्यांचा कायदा आणि टपाल तिकिटे. तिकिटांचे उदाहरण गमतीचे, पण बोलके आहे. जगभरातल्या संग्राहकांनी विकत घ्यायचे आणि पत्रावर कधीच लावायचे नाही, असे कागदाचे चौकोनी तुकडे. काही काळ राज्याच्या उत्पन्नाचा लक्षणीय भाग यांतून येत असे. सार्वभौम सत्तेचा शिक्काच विक्रीला काढणे यापेक्षा उघड काय असू शकते?

१३/
तिकिटांहून मोठा व्यवहार होता १९२६ च्या कंपनी कायद्याचा. याचाही एक कर्ता विल्हेल्म बेकच. या कायद्याने संस्था उभारण्याचे असे साचे दिले जे शेजारच्या देशांत सापडत नसत : एकट्या संस्थापकाच्या मर्जीवर चालणारी 'आनश्टाल्ट', खासगी कुटुंबासाठीचे प्रतिष्ठान, आणि खुद्द इंग्रजी कायद्यातून उचललेली विश्वस्त निधीची कल्पना. परदेशी धनिकाने आपली संपत्ती प्रतिष्ठानाच्या नावे करायची. कागदावर फाडुट्समधला वकील विश्वस्त म्हणून दिसायचा. मूळ मालकाचे नाव कपाटात बंद. कर भांडवलावर, दर हजारी एक. उत्पन्नावर काही नाही. हा कायदा लिहिणारा माणूस लोकशाहीवादी, जनतेच्या हक्कांसाठी झगडलेला. त्याला यात विसंगती दिसली नसावी. ज्या देशाकडे खाण नाही, बंदर नाही, बाजारपेठ नाही, त्याने कायदा विकला.

१४/
तरीही एका भ्रमाचे निराकरण आवश्यक आहे. १९२६ च्या कायद्याने देश श्रीमंत झाला नाही. पुढच्याच वर्षी ऱ्हाइनचा बांध फुटून खालची शेती पाण्याखाली गेली. १९२८ मध्ये राज्याच्या बचत बँकेतील अफरातफर उघड झाली आणि तिच्यापायी लोकपक्षाचे सरकार गेले. दुसऱ्या महायुद्धापर्यंत हा मुख्यतः गुरे राखणारा, तरुणांना कामासाठी परदेशी धाडणारा देश होता. संपत्ती आली ती १९४५ नंतर, आणि तिचा मोठा भाग कारखान्यांतून आला.

१५/
हे कारखाने पाहण्याजोगे आहेत. शान गावात १९४१ मध्ये हिल्टी बंधूंनी कारखाना काढला. आज त्यांची ड्रिल यंत्रे जगभरच्या बांधकामांवर दिसतात. त्याच गावात कृत्रिम दात बनवणारी कंपनी १९३३ पासून आहे. मोटारींच्या स्टिअरिंगचे भाग, निर्वात तंत्राने चढवलेले धातूंचे पातळ थर, गोठवलेले व डबाबंद अन्न. औद्योगिक उत्पादनाचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा युरोपातील बहुतेक श्रीमंत देशांपेक्षा येथे मोठा आहे. 'केवळ करचुकव्यांची तिजोरी' म्हणणाऱ्यांचा हिशेब येथे चुकतो.

१६/
यांतली एक कथा रेंगाळून सांगण्याजोगी. कुर्ट हर्त्सश्टार्क हा व्हिएन्नाचा यंत्रज्ञ; वडील ज्यू. नाझींनी त्याला बुखेनवाल्डच्या छळछावणीत टाकले. हातात मावेल असे गणनयंत्र बनवण्याची त्याची कल्पना तेथील अधिकाऱ्यांना कळली आणि आराखडे काढण्याची मुभा मिळाली. त्या आराखड्यांनीच कदाचित त्याचा जीव वाचवला. युद्धानंतर हे यंत्र बनवायला त्याला जागा मिळाली लिश्टनस्टाइनमधील माउरेन गावात, संस्थानिकाच्या पाठबळाने. मिरी दळायच्या लहान चक्कीसारखे दिसणारे, वरचा दांडा फिरवून बेरीज ते भागाकार सारे करणारे 'कुर्टा' १९४८ पासून बाजारात आले. खिशातले इलेक्ट्रॉनिक गणनयंत्र येईपर्यंत त्याचे सुमारे एक लाख चाळीस हजार नग बनले. ज्याच्या डोक्यात ते यंत्र तयार झाले त्याच्या वाट्याला मात्र त्या पैशाचा फारसा भाग आला नाही.

१७/
राजघराण्याची स्थितीही याच काळात पालटली. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया घेतल्यावर फ्रान्झ योझेफ दुसरा फाडुट्सच्या किल्ल्यात राहायला आला. येथे कायम वास्तव्य करणारा हा पहिलाच संस्थानिक. मार्च १९३९ मध्ये स्थानिक नाझींचा उठाव फसला. युद्धानंतर चेकोस्लोव्हाकियाने घराण्याच्या तिथल्या जमिनी आणि किल्ले जप्त केले. त्यांचे क्षेत्रफळ खुद्द देशाच्या कितीतरी पट. हा वाद आजही मिटलेला नाही. चेक प्रजासत्ताकाशी राजनैतिक संबंध जुळले तेच २००९ मध्ये. हातात उरले ते फाडुट्स, चित्रसंग्रह आणि एक बँक. १९६७ मध्ये लिओनार्दो दा विंचीचे एक व्यक्तिचित्र वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलादालनाला विकावे लागले. पुढे हान्स-आडाम दुसऱ्याने बँक वाढवली आणि घराणे पुन्हा गडगंज झाले. ती बँक म्हणजे एलजीटी.

१८/
येथे दोन धागे जुळतात. युरोपातील इतर राजे प्रजेच्या करातून मिळणाऱ्या नेमणुकीवर जगतात, म्हणून संसदेपुढे नमतात. येथील राजघराण्याचा खर्च मुख्यतः स्वतःच्या संपत्तीतून चालतो. शिवाय देशाच्या वित्त व्यवसायाची विश्वासार्हता त्याच घराण्याच्या नावाशी बांधलेली. जनतेने नाराज होऊन नेमणूक बंद करतो म्हणावे, अशी सोय नाही. उलट राजानेच म्हणावे, की मी निघालो.

१९/
त्याने तसे म्हणण्याआधी जनतेच्या किल्लीकडेही पाहावे लागेल. सार्वमताची थोरवी गाणाऱ्यांनी १९८४ हे वर्ष विसरू नये. त्या वर्षीच्या १ जुलैपर्यंत लिश्टनस्टाइनमध्ये स्त्रियांना देशपातळीवर मताधिकार नव्हता. युरोपात सर्वांत शेवटचा. १९७१ मध्ये पुरुष मतदारांनी तो थोडक्याने नाकारला, १९७३ मध्ये अधिक मोठ्या फरकाने. काही तरुण स्त्रियांनी परीकथेतल्या निद्रिस्त राजकन्येचे नाव घेऊन गट स्थापला, घटना न्यायालयात दाद मागितली आणि हरल्या. मग १९८३ मध्ये स्ट्रासबुर्गला जाऊन युरोप परिषदेच्या दारात आपल्या देशाची लाज उघडी केली. मायदेशात त्यांच्यावर घर फोडल्याचा आरोप झाला. पुढच्या वर्षी प्रस्ताव संमत झाला, ५१.३ टक्क्यांनी. ज्यांच्या हाती मत आहे त्यांनीच ठरवायचे की मत आणखी कोणाला द्यावे, ही थेट लोकशाहीची जुनी कोंडी आहे. संस्थानिकाने येथे सुधारणेची बाजू घेतली होती, हेही नोंदवायला हवे.

२०/
दोन किल्ल्यांचा संघर्ष पेटला १९९२ मध्ये. युरोपीय आर्थिक क्षेत्रात जावे की नाही, यावर स्वित्झर्लंडचे सार्वमत ६ डिसेंबरला होते. हान्स-आडामला आपल्या देशाचे मतदान त्याआधी हवे होते. सरकार आणि लांडटाग, म्हणजे तेथील २५ सदस्यांचे कायदेमंडळ, नंतर घ्यावे म्हणत होते. संस्थानिकाने दोन्ही बरखास्त करण्याची भाषा केली. २८ ऑक्टोबरला सुमारे दोन हजार लोक सरकारी कचेरीसमोर जमले. तीस हजारांच्या देशात हा आकडा लहान नव्हे. समझोता झाला, मतदान १३ डिसेंबरला झाले. स्विस मतदारांनी 'नको' म्हटले असताना येथील ५५.८ टक्क्यांनी 'हो' म्हटले. परिणामी १९९५ पासून हा देश एकाच वेळी स्विस जकात संघातही आहे आणि युरोपीय एकेरी बाजारातही. सार्वभौमत्वाचा इतका फायदेशीर वापर क्वचितच कोणी केला असेल, आणि येथे संस्थानिकाची दूरदृष्टी खरी ठरली.

२१/
परंतु दूरदृष्टी असणाऱ्याला विरोध सोसवतोच असे नाही. १९९५ मध्ये प्रशासकीय न्यायालयाचे अध्यक्ष हर्बर्ट विले यांनी एका व्याख्यानात म्हटले की, संस्थानिक आणि लांडटाग यांच्यात घटनेच्या अर्थावरून वाद झाला तर निर्णय घटना न्यायालयाने द्यावा. हान्स-आडामने त्यांना पत्र लिहून कळवले की यापुढे कोणत्याही सार्वजनिक पदावर त्यांची नेमणूक करणार नाही. आणि तसेच केले. १९९९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने यात अभिव्यक्ती स्वातंत्र्याचा भंग झाल्याचा निकाल दिला.

२२/
मग आली २००३ ची लढाई. संस्थानिकाने घटनादुरुस्तीचा स्वतःचा प्रस्ताव मांडला : सरकार बरखास्त करण्याचा अधिकार, सहा महिन्यांत संमती न दिल्यास कायदा आपोआप रद्द, न्यायाधीश निवडणाऱ्या समितीचे अध्यक्षपद व निर्णायक मत. बदल्यात जनतेला संस्थानिकावर अविश्वास दाखवण्याचा, राजेशाही रद्द करण्याचे सार्वमत मागण्याचा आणि प्रत्येक ग्रामपालिकेला देशातून फुटून निघण्याचा हक्क. प्रस्ताव फेटाळला तर आपण व्हिएन्नाला निघून जाऊ, हेही त्याने सांगून ठेवले. युरोप परिषदेच्या व्हेनिस आयोगाने हे लोकशाहीच्या दृष्टीने पाऊल मागे टाकणे असल्याचा अभिप्राय दिला. १६ मार्च २००३ रोजी ६४.३ टक्के मतदारांनी संस्थानिकाच्या बाजूने कौल दिला.

२३/
बाहेरच्या टीकाकारांनी याला भोळ्या प्रजेची राजभक्ती म्हटले. हा अर्थ सोयीचा आहे, बरोबर नाही. मतदारांनी शुद्ध हिशेब केला. ज्यांची नोकरी, घराची किंमत, पेन्शन एका लहान नावाच्या पतीवर अवलंबून, ते त्या नावाचा धनी निघून जाण्याचा धोका पत्करत नाहीत. पण हिशेबाने दिलेली संमती आणि मुक्त संमती यांत अंतर असते. घरमालकाने भाडेकरूंची बैठक बोलवावी, नवे नियम वाचावेत आणि 'नाही म्हणाल तर इमारत विकतो' असे सांगून हात वर करायला लावावेत, तसे हे मतदान झाले. हात सर्वांनी स्वखुशीने वर केले, एवढे म्हणता येईल.

२४/
किल्ली खिशात घालण्याचा प्रयोग २०११ मध्ये दिसला. गर्भपाताला मर्यादित मुभा देण्याच्या प्रस्तावावर सार्वमत व्हायचे होते. २००४ पासून कारभार पाहणारा युवराज आलोइस याने मतदानाआधीच जाहीर केले की लोकांनी 'हो' म्हटले तरी आपण संमती देणार नाही. ५२.३ टक्क्यांनी प्रस्ताव पडला. निकाल आधीच ठरला असताना किती जण मत द्यायला गेलेच नसतील, हे कसे मोजणार? यावर चिडून काहींनी, सार्वमताने झालेल्या कायद्याला नकाराधिकार लागू नसावा, अशी घटनादुरुस्ती मागितली. १ जुलै २०१२ रोजी ७६ टक्क्यांनी ती नाकारली. स्वतःच्या मताला असलेली वेसण काढून घ्यायला तीन चतुर्थांश मतदारांनी नकार दिला, हे युरोपच्या आधुनिक इतिहासातील एक विलक्षण मतदान म्हणावे लागेल.

२५/
मधल्या काळात दुसऱ्या बाजूने भूकंप झाला होता. फेब्रुवारी २००८ मध्ये उघड झाले की एलजीटीच्या विश्वस्त कंपनीतील एका माजी कर्मचाऱ्याने ग्राहकांची यादी चोरून जर्मन गुप्तचर खात्याला विकली. जर्मन टपाल कंपनीच्या प्रमुखाच्या घरावर धाड पडली, त्याला पद सोडावे लागले. मराठी वाचकाचा या देशाशी संबंध येतो तो येथे. २००९ मध्ये जर्मनीने त्या यादीतील भारतीय नावे भारत सरकारला दिली. सरकारने गोपनीयतेच्या कराराचे कारण सांगत ती दडवून ठेवली. राम जेठमलानी आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ४ जुलै २०११ रोजी ते कारण फेटाळले, ज्यांच्याविरुद्ध चौकशी होऊन कारवाई सुरू झाली आहे त्यांची नावे उघड करण्याचा आदेश दिला आणि विशेष तपास पथक नेमले. ते पथक प्रत्यक्षात आले मे २०१४ मध्ये. 'काळा पैसा' हा शब्द त्या वर्षांत घराघरांत पोचला, त्यात फाडुट्समधल्या कपाटांचा वाटा होता.

२६/
लिश्टनस्टाइनने पवित्रा बदलला. मार्च २००९ च्या जाहीरनाम्यात करविषयक माहिती देण्याचे आंतरराष्ट्रीय निकष मान्य केले. भारताशी तसा करार २०१३ मध्ये झाला. पुढे खात्यांची माहिती आपोआप परदेशी कर खात्यांना जाऊ लागली. वित्त व्यवसाय बुडाला नाही. गुपित विकणे थांबले तरी स्थैर्य, फ्रँक आणि कर्जमुक्त राज्य यांना गिऱ्हाईक होतेच. मात्र ज्या देशांतल्या खजिन्यांतून तो पैसा पाऊण शतक गळत राहिला त्यांना भरपाई कोणी दिली नाही. लहान देशाच्या हुशारीचे कौतुक करताना ही बाजू झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

२७/
राहिला प्रश्न, मालमत्ता कोणाच्या नावावर. आजवरची सारी भांडणे किल्ला आणि गाव यांच्यात झाली, म्हणून लक्ष तिकडेच जाते. देशात जितकी माणसे राहतात त्याहून अधिक नोकऱ्या आहेत. कामगारांतले निम्म्याहून अधिक रोज सकाळी स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया किंवा जर्मनीतून येतात आणि संध्याकाळी परत जातात. येथे राहायला त्यांना सहसा परवानगीच मिळत नाही. युरोपीय एकेरी बाजारात असूनही वास्तव्याच्या परवान्यांवर मर्यादा ठेवण्याची सवलत या देशाने मिळवली आहे. स्विस सोडून त्या क्षेत्रातील नागरिकांसाठी वर्षाला सुमारे बहात्तर, त्यांतले निम्मे चक्क सोडत काढून. जे राहतात त्यांतील एक तृतीयांश परदेशी नागरिक. त्यांना मत नाही. २००३ चा कौल काय किंवा २०१२ चा काय, तो या साऱ्यांना वगळून उरलेल्यांचा होता. १९८४ पूर्वी अर्ध्या नागरिकांविषयी जे घडत होते त्याचेच हे दुसरे रूप आहे, आणि त्यावर स्ट्रासबुर्गच्या दारात जाणारे अजून कोणी नाही.

२८/
३० ऑगस्ट २०२० रोजी एकाच दिवशी तीन सार्वमते झाली. नागरिकत्व घेणाऱ्याला मूळ देशाचे नागरिकत्व ठेवू द्यावे का? ६१.५ टक्के 'नाही'. राजकीय पदांवर स्त्री-पुरुषांचे संतुलित प्रतिनिधित्व हे उद्दिष्ट घटनेत लिहावे का? त्यालाही नकार, आणि मोठा. तिसरा प्रश्न रेल्वेचा. देशातून जाणारी एकमेव रेल्वे ऑस्ट्रियातील फेल्डकिर्खहून स्वित्झर्लंडमधील बुख्सला जाते, चालवते ऑस्ट्रियाची रेल्वे. सकाळ-संध्याकाळ मोटारींनी तुंबणाऱ्या रस्त्यांवरचा भार हलका करायला ती दुपदरी करून कामगारांसाठी वारंवार लोकलगाड्या सोडण्याची योजना होती. त्यातील आपल्या वाट्याचा खर्च लिश्टनस्टाइनने करावा का? ६२ टक्क्यांनी 'नाही' म्हटले. त्या गाड्यांनी ज्यांनी रोज यायचे होते, ते मतदारयादीत नव्हते.